पगार, महागाई आणि ठाणे : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी १९७९ ते १९९८ अशी एकोणीस वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, बोनस, फंड, सगळं हातून गेलं. त्यामुळे नात्यात किंवा तलावपाळीच्या कट्ट्यावर पैशांचा विषय निघाला की माना माझ्याकडे वळतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

माझ्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत आणि आईच्या नि माझ्या मिळून हिशेबाच्या अकरा वह्या. वह्यांतले भाव आमच्या घरचे. तुमचा वाणी वेगळा असेल तर चार पैसे इकडेतिकडे होणारच. निर्देशांकाचे आकडे सरकारी आहेत आणि हिशेब डिसेंबर २०२४ पर्यंत आणला आहे.

मावशी, १९८० साली पाचशे रुपयांत घर चालायचं म्हणता. मग स्वस्ताईच होती ना?

नव्हती गं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि विचारणाऱ्याला माझं उत्तर आवडत नाही.

१९८० साली माझ्या हातात महिन्याला ५४० रुपये पडायचे. २६ दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला २ रुपये ६० पैसे. आता वही उघडू. दूध लिटरला ३ रुपये, म्हणजे एक लिटर दुधासाठी मला जवळजवळ सत्तर मिनिटं काम करावं लागे. तूरडाळ किलोला साडेचार रुपये, पावणेदोन तास. शेंगदाण्याचं तेल किलोला ११ रुपये, सव्वाचार तास! आईने तेलाच्या नोंदीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. पळीने तेल मोजून घालणारी बाई कंजूष नव्हती, तिला तो सव्वाचार तासांचा हिशेब कळत होता.

माझ्याच खुर्चीवर, म्हणजे हजेरी-पगार लिहिणाऱ्या कारकुनाला, आज इस्टेटमधल्या लहान कचेऱ्यांत २२ हजार मिळतात असं भाची सांगते. तीही त्याच कामात आहे. तासाला १०५ ते १०६ रुपये झाले. दूध ६८ धरलं तर ३९ मिनिटं, डाळ १३० धरली तर सव्वा तास, तेल १८० धरलं तर पावणेदोन तासांच्या आत. म्हणजे वाण्याकडची यादी तासांत मोजली तर स्वस्त झाली आहे.

आता गंमत बघा. वडापाव तेव्हा ३५ पैशांना मिळायचा, माझी आठ मिनिटं. आज २० रुपयांना घेतला तर भाचीची अकरा मिनिटं जातात. बटाटा स्वस्त झाला, बेसन स्वस्त झालं, तरी वडापाव महाग. कारण वडापावात बटाट्याबरोबर गाळ्याचं भाडं आणि माणसाचे हात असतात. ज्या वस्तूत ठाण्याची जागा मिसळलेली असते, ती काही स्वस्त होत नाही. ही गोष्ट पुढे घराच्या प्रश्नाला लागणार आहे, लक्षात ठेवा.

तेव्हाचे अमुक रुपये म्हणजे आजचे किती, हे कसं काढायचं?

यासाठी सरकारी निर्देशांक आहे : औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक मूल्य निर्देशांक. तो शिमल्याचा लेबर ब्यूरो दर महिन्याला काढतो. (शिमल्यातली थंडीतली माणसं आमच्या घामाच्या किमतीचा हिशेब ठेवतात, हा आमच्या टाइम ऑफिसातला जुना विनोद.) त्याची पायाभूत वर्षं (ज्या वर्षीचे भाव १०० धरतात ती) बदलत गेली : १९६०, १९८२, २००१ आणि आता २०१६. एका मालिकेतून दुसरीत जायला जोडगुणक आहेत. १९६० वरून १९८२ ला ४.९३, १९८२ वरून २००१ ला ४.६३, २००१ वरून २०१६ ला २.८८.

डिसेंबर २०२४ चा निर्देशांक १४३.७ होता. त्याला २.८८ ने गुणलं की २००१ च्या पायावर ४१३.९ येतो. त्याला ४.६३ ने गुणलं की १९८२ च्या पायावर १,९१६. पुन्हा ४.९३ ने गुणलं की १९६० च्या पायावर जवळपास ९,४४७.

सोप्या भाषेत : १९६० साली १०० रुपयांत जे यायचं त्याला २०२४ अखेर साडेनऊ हजारांच्या आसपास लागतात. १९८२ चे १०० रुपये म्हणजे १,९१६. २००१ चे १०० म्हणजे ४१४. आजोबा सांगतात की त्यांचा पगार १९६० साली १५० होता, तर तो आजचा १४ हजारांचा पगार झाला. आजोबांना हे सांगताना जरा जपून, त्यांना ते दीडशे रुपये राजासारखे आठवत असतात.

सरकार म्हणतं महागाई चार-पाच टक्के. माझा खर्च तर दुपटीने वाढलाय. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दोन गोष्टी आहेत.

पहिली, महागाईचा दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नसतं. भाव चढतच असतात, फक्त चढण सौम्य होते. जिना चढताना पायऱ्या बुटक्या झाल्या म्हणून आपण खाली आलो असं होत नाही.

दुसरी, निर्देशांक म्हणजे सरासरी घराची पिशवी. १९८२ च्या पिशवीत खाण्यापिण्याचा वाटा ५७ टक्के होता. २००१ च्या मालिकेत तो ४६ च्या आसपास आला आणि २०१६ च्या मालिकेत ३९ वर. शिक्षण, औषधपाणी, प्रवास, मोबाइल असलं सगळं ज्या ‘किरकोळ’ गटात येतं, त्याचा वाटा २३ वरून ३० टक्क्यांवर गेला. किरकोळ म्हणे! शाळेची फी भरणाऱ्या बापाला विचारा किरकोळ काय असतं ते.

ज्यांच्या घरी दोन मुलं इंग्रजी शाळेत आणि एक मधुमेही आजी आहे, त्यांची पिशवी सरासरीपेक्षा वेगळी. त्यांची महागाई खरोखरच जास्त असते.

महागाई भत्ता म्हणजे नेमकं काय? तो सगळ्यांना का मिळत नाही?

निर्देशांक वर गेला की पगाराची किंमत खाली जाते, ती भरून काढण्यासाठी दिलेले पैसे म्हणजे महागाई भत्ता, डीए. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचं सूत्र उघड आहे. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी २६१.४२ होती (२००१ च्या पायावर). आताची सरासरी तिच्यापेक्षा जितके टक्के वर, तितका डीए. जानेवारी २०२५ मध्ये तो ५५ टक्के होता.

कारखान्यांत आमच्याकडे ‘पॉइंट’ असायचे. निर्देशांक एक पॉइंट चढला की इतके पैसे, असं करारात लिहिलेलं. महिन्याचा आकडा आला की मी तो नोटीस बोर्डावर लावायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तिथे गर्दी व्हायची. लेथवरच्या ज्या माणसाला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, तो पॉइंट तोंडी गुणून सांगायचा आणि माझी बेरीज चुकली तर पहिला तोच पकडायचा.

कायद्याने किमान वेतनातही विशेष भत्ता असतो, महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा बदलतो. पण किमान वेतनाच्या वर पगार असलेल्या खाजगी नोकराला भत्ता द्यायलाच हवा असं बंधन नाही. तुमच्या नेमणुकीच्या पत्रात ‘सीटीसी’ (सगळं धरून कंपनीला तुमच्यावर येणारा खर्च) असा एकच गोल आकडा असेल तर समजा, पॉइंटचा काळ तुमच्यापुरता संपला.

सरकारी नोकरीवाले एवढे पुढे कसे गेले?

हे आकड्यांत बघण्यासारखं आहे, कारण इथे पक्के आकडे आहेत. केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचं सुरुवातीचं वेतन चौथ्या वेतन आयोगात, १ जानेवारी १९८६ पासून, ७५० रुपये झालं. पाचव्यात १९९६ पासून २,५५०. सहाव्यात २००६ पासून ७,०००. सातव्यात २०१६ पासून १८,०००. तीस वर्षांत २४ पट.

याच काळात निर्देशांक वाढला जेमतेम दहापट. चौथ्या आयोगाने धरलेला आकडा १९६० च्या पायावर ६०८ होता, तो जोडगुणकांनी खाली आणला की २००१ च्या पायावर साडेसव्वीसच्या पुढे येतो. २६१ ला त्याने भागा. म्हणजे भाव दहापट, पगार चोवीसपट. खरा पगार जवळजवळ अडीचपट झाला. यात भत्ते, घरभाडं धरलेलंच नाही.

माझा धाकटा भाऊ सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागला तेव्हा घरात कोणी पेढे वाटले नाहीत. मी कंपनीत कारकून, माझा पगार त्याच्यापेक्षा जास्त, शिवाय कँटीनमध्ये जेवण, दिवाळीला बोनस. आज त्याच्या पेन्शनीत माझ्यासारख्या पंधरा-वीस जणी बसतील. त्याचा मला राग नाही. राग येतो तो ‘सरकारी लोक फुकट खातात’ म्हणणाऱ्यांचा. त्यांना जे मिळालं ते सगळ्यांना मिळायला हवं होतं, एवढंच. आठवा आयोग जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हापासून भाऊ कट्ट्यावर मान ताठ करून बसतो.

आणि कंपनीतल्या कामगाराचं काय झालं?

ठाण्याचा खरा इतिहास इथे आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. इकडे पोखरण रोड, कोलशेत, माजिवडे, तिकडे कळव्यापासून बेलापूरपर्यंतचा रासायनिक पट्टा. सकाळी सातच्या भोंग्याला ठाण्यात घड्याळं लावायचे लोक. दर तीन वर्षांनी करार, करारापूर्वी मागणीपत्र, गेट मीटिंगा, कधी टूल डाउन (जागेवरच काम बंद), मग सही आणि थकबाकी. थकबाकीच्या महिन्यात गोखले रोडवरच्या भांड्यांच्या आणि साड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत कधी आत गेलेच नाहीत. आमच्या कारखान्याचा गिरण्यांशी काही संबंध नव्हता. तरी त्यानंतरच्या प्रत्येक करारात टेबलाच्या दोन्ही बाजूंना तो संप बसलेला असायचा. मालक म्हणत, ताणू नका. आमचे पुढारीही पूर्वीइतकं ताणत नव्हते.

मग नव्वदनंतर जमिनीला कारखान्यापेक्षा जास्त भाव आला. ज्या जागेवर यंत्र चालवून वर्षाला जेमतेम नफा होतो, ती जागा विकली तर पुढच्या पन्नास वर्षांचा नफा एकदम. कोणता मालक यंत्राला तेल घालत बसेल? व्हीआरएस आली, म्हणजे पैसे घ्या आणि स्वेच्छेने निवृत्त व्हा. रेमंडचा ठाण्याचा कारखाना २००९ च्या अखेरीस बंद झाला, आज त्या जमिनीवर मनोरे आहेत. कॅसल मिल गेली, नाक्याला नाव ठेवून गेली. रिक्षावाल्याला ‘कॅसल मिल’ सांगितलं की तो बरोबर सोडतो, मिल कसली ते त्याला माहीत नसतं.

आमचा कारखाना १९९८ ला मिटला. माझा शेवटचा पगार १९९६ च्या कराराचा, ४,८०० रुपये. १९९६ पासून २०२४ अखेरपर्यंत निर्देशांक जवळजवळ सहापट झाला. सहापटच धरा : २८,८००. भाचीला त्याच कामाचे २२ हजार मिळतात आणि तिला संगणक येतो, जीएसटी येतो, मला कार्बन पेपर लावता यायचा. दूध-डाळ तिला १९८० च्या माझ्यापेक्षा स्वस्त पडते हे खरंच, पण १९९६ च्या माझ्यापेक्षा ती मागे आहे. ती ठेकेदारामार्फत आहे, हा त्यातला फरक. पॉइंट नाही, करार नाही, अकरा महिन्यांनी नवं पत्र.

सगळ्यात वाईट वर्ष कोणतं होतं?

१९७४, बिनतोड. आधी १९७२ चा दुष्काळ, मग १९७३ अखेर तेलाचा भडका. १९७४ साली कामगारांचा निर्देशांक वर्षभरात पंचवीस टक्क्यांहून जास्त चढला. आज पाच-सहा टक्के झाले तरी बातमी होते, म्हणून सांगते. मी तेव्हा सतरा वर्षांची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून अभ्यास करायचा, डबा पुढे सरकवायचा, परत अभ्यास. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले होते. माझी आई एका मोर्चाला गेली, परत आली तेव्हा लाटणं हरवलेलं. नवीन आणलं, त्याची नोंद वहीत आहे : सव्वा रुपया, पुढे कंसात ‘मोर्चा’.

त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, आणि सरकारने सक्तीची ठेव आणली : वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग हातात न देता सरकारजमा. पुढे तो व्याजासकट हप्त्यांनी परत मिळाला, पण ज्या महिन्यात तेल आणायचं होतं त्या महिन्यात नाही. वडिलांनी त्या पैशाला ‘मेलेला भत्ता’ असं नाव दिलं होतं.

मग स्वस्त काय झालं?

यंत्रावर निघणारं जवळजवळ सगळं. आम्ही १९८४ ला रंगीत टीव्ही घेतला, साडेआठ हजारांचा. माझा पगार तेव्हा १,१०० होता, म्हणजे पावणेआठ महिने. आज ११ हजारांत त्याहून मोठा येतो, भाचीचे पंधरा दिवस. १९९५ ला मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. घरचा फोन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. स्कूटरचंही तेच. कपडे, पंखा, मिक्सर, सायकल, सगळं तासांत उतरलं.

म्हणून तरुण मंडळींच्या हातात चाळीस हजारांचा फोन बघून ‘यांना कसली महागाई’ म्हणू नका. फोन स्वस्त आहे, खोली महाग आहे. फोन न घेता ती खोली मिळणार असती तर त्यांनी फोन घेतला नसता.

घराचं गणित कुठे बिघडलं?

१९८४ ला आम्ही पाचपाखाडीत सव्वातीनशे चौरस फुटांची एक खोली-स्वयंपाकघर घेतली, ७२ हजारांना. यांचा पगार १,४०० आणि माझा १,१००. म्हणजे घराची किंमत दोघांच्या दोन वर्षं पाच महिन्यांच्या पगाराइतकी. एचडीएफसीकडून ४० हजारांचं कर्ज (ती संस्था १९७७ ला निघाली, त्याआधी घरकर्ज म्हणजे ओळख, फंड किंवा सावकार), उरलेले फंडातून, पतपेढीतून आणि माझ्या चार बांगड्यांतून. हप्ता पाचशेच्या जरा आत. पगाराचा पाचवा हिस्सा. तरी सासूबाई म्हणाल्या होत्या, “एवढं कर्ज? झोप येईल का रे तुला?”

त्या ७२ हजारांना निर्देशांकाने वाढवा. १९८२ पासूनची १९ पट पूर्ण धरली तरी १४ लाखांच्या आत येतात. त्याच इमारतीत गेल्या वर्षी तसलीच खोली ६५ लाखांना गेली. इमारत चाळीस वर्षांनी म्हातारी झाली, लिफ्ट नाही, टाकी गळते, आणि किंमत ५१ लाखांनी ‘जास्त’.

भाची आणि तिचा नवरा मिळून ५० हजार कमावतात. ६५ लाख म्हणजे त्यांच्या जवळजवळ अकरा वर्षांचा पगार. २० टक्के स्वतःचे घातले, ५२ लाख कर्ज काढलं, साडेआठ टक्के, वीस वर्षं, तर हप्ता ४५ हजार. वर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीस हजार. हातात उरतात पाच हजार, त्यात दूध-डाळ स्वस्त झाल्याचा आनंद करायचा.

असं का झालं याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. नव्वदीच्या मध्यात गृहकर्ज चौदा-पंधरा टक्क्यांनी मिळायचं, २००३-०४ पर्यंत ते आठच्या खाली आलं. चौदा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी लाखाला १,३३२ रुपये हप्ता बसतो, साडेआठने वीस वर्षांसाठी ८६८. लोकांना वाटलं हप्ता उतरला. बिल्डरांना कळलं की त्याच हप्त्यात आता दीडपट किंमत बसते. कर्ज स्वस्त झालं तो फायदा घेणाऱ्याच्या खिशात राहिलाच नाही. शिवाय शहर किती झपाट्याने फुगलं बघा : १९९१ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची वस्ती ८ लाख, २०११ ला १८ लाखांच्या पुढे. २००४ ला ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली, ऐरोली-महापेच्या नोकऱ्या हाताशी आल्या आणि घोडबंदरला जंगलाच्या कडेपर्यंत इमारती गेल्या.

आणि यातला कळीचा मुद्दा : निर्देशांकात घराची खरेदी किंमत येतच नाही. तिथे फक्त भाडं मोजतात, तेही सहा महिन्यांनी एकदा. त्यामुळे निर्देशांक म्हणेल महागाई आटोक्यात, आणि तो त्याच्या जागी बरोबरच असेल.

जुन्या चाळीत अजून शंभर-दीडशे रुपये भाडं भरणारे आहेत. ते कसं?

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, तीही १९४० च्या पातळीवर. १९९९ च्या कायद्यापासून वर्षाला चार टक्के वाढवता येतात, पण मुळात पंधरा रुपये असतील तर चार टक्के म्हणजे साठ पैसे. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही. नौपाड्यातले जुने वाडे असेच उभ्या उभ्या खचले. भाडं स्वस्त, पण छताखाली बादली ठेवावी लागते.

लोकलचा पास तेवढाच स्वस्त आहे, हे खरं ना?

खरं. ठाणे ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये, महिन्याचा पास सव्वादोनशेच्या आत. भाचीचे दोन तास, आणि महिनाभर चौतीस किलोमीटर जा-ये. पण ती राहते कासारवडवलीला. स्टेशनपर्यंत बस किंवा शेअर रिक्षा. मीटरच्या रिक्षाचं किमान भाडं २०१५ ला १८ होतं, मार्च २०२१ ला २१, ऑक्टोबर २०२२ ला २३ आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून २६. ते फक्त पहिल्या दीड किलोमीटरचं. नुसतं किमान भाडं दोन वेळा, पंचवीस दिवस धरलं तरी १,३०० होतात, पासाच्या सहापट. आम्ही स्टेशनला चालत जायचो. घर स्टेशनपासून जितकं लांब ढकललं गेलं, तितका लोकलचा स्वस्तपणा रिक्षात जिरला.

मुलाला ऐरोलीत साडेतीन लाखांचं पॅकेज मिळालंय. चांगलं का?

पहिली नोकरी लागली, आधी त्याला मिठी मारा. मग हे वाचा. २०१० च्या सुमारास नव्या मुलांना मोठ्या आयटी कंपन्यांत तीन लाखांच्या आसपास मिळत. डिसेंबर २०१० चा निर्देशांक १८५ होता, त्याच पायावर २०२४ अखेर ४१४. म्हणजे ते तीन लाख आजचे पावणेसात लाखांच्या घरात. साडेतीन लाख हा १४ वर्षांपूर्वीच्या अर्ध्याच्या आसपासचा पगार आहे. चार-पाच वर्षांनी पगार चांगला उडी मारतो हेही खरं, पण उडी मारेपर्यंत तो तुमच्याकडेच जेवणार, तयारीत राहा.

सोन्यात ठेवलं असतं तर?

असतं तर. १९८० ला तोळा तेराशेच्या आसपास, माझा अडीच महिन्यांचा पगार. २०२५ च्या एप्रिलात तो लाखाला टेकला, भाचीचे साडेचार महिने. माझ्या चार बांगड्या घरात गेल्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. बांगड्यांत राहता येत नाही.

कंपनीची पेन्शन का पुरत नाही?

कारण तिला पॉइंट नाही. ईपीएस-९५ ची, म्हणजे फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन ठरते ती पगाराच्या मर्यादेवर : २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. त्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. किमान पेन्शन १,०००, तीही सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच. एकदा ठरली की ठरली, भाव कितीही चढोत. मला २०१५ पासून १,३१२ रुपये मिळतात. २०१५ च्या भावात आज त्यांची किंमत सव्वाआठशेच्या आसपास उरली आहे. माझ्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या त्याहून महाग आहेत.

व्हीआरएसचे पैसे व्याजावर ठेवले होते. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत पीपीएफला १२ टक्के मिळत होते, त्या हिशेबाने म्हातारपण रंगवलं होतं. एप्रिल २०२० पासून ७.१ आहे.

कामाच्या ताईंचा पगार किती वाढवावा? सोसायटीत यावरून भांडणं होतात.

होऊ देत, पण आकडा घेऊन भांडा. जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२४ मध्ये निर्देशांक ३३० वरून ४१४ झाला, म्हणजे सव्वापट. २०२० ला भांडी-लादीचे २,००० देत असाल तर २,५०० ही वाढ नव्हेच, ती नुसती भरपाई. पगार वाढवलात असं म्हणायला त्याच्या वर काहीतरी द्यावं लागेल. ताई मुंब्रा-कळव्याहून किंवा येऊरच्या पायथ्याहून येतात, त्यांच्याही वाटेत तीच रिक्षा आहे. आमच्या सोसायटीत एका बाईंनी “पण आम्ही चहा देतो” असं सांगितलं होतं. मी चहाचा भावही वहीतून काढून दाखवला. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

जुन्या पगाराच्या स्लिपा ठेवायच्या की रद्दीत द्यायच्या?

ठेवा. नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनबाबत निकाल दिला तेव्हा पूर्ण पगारावर फंड कापला गेल्याचा पुरावा शोधत माणसं धावत सुटली. आमच्या कारखान्यातलेही सहा-सात जण माझ्या दारात आले, ‘मॅडम, तुमच्याकडे मस्टर असेल ना?’ मस्टर कुठलं असणार, तो कारखानाच आता पार्किंग आहे. एकाने मात्र सगळ्या स्लिपा बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या निघाल्या.

फिकट झाल्या असतील तर दिवसाउजेडी फोटो काढा. फंडाचा खाते क्रमांक, यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा फंडाचा नंबर) असेल तर तोही, पाठीमागे पेन्सिलीने लिहा. आणि डबा कुठे आहे ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा.